बेळगावजवळच्या खानापूरच्या रानात नरक्या कसा ओळखायचा: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

दर पावसाळ्यात मला दोन-चार जणांचे तरी फोन येतात. कुणी बीएस्सीचा प्रोजेक्ट करतंय, कुणी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीचं काम अंगावर घेतलंय, कुणाला नुसतीच रानाची आवड आहे, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, नरक्या कसा असतो आणि तो ओळखायचा कसा. मी स्वतः पहिली दोन वर्षं भलत्याच झाडांचे फोटो काढून नरक्या म्हणून वहीत लिहीत होतो, ते कुणी सांगायला नव्हतं म्हणून, आणि त्या दोन वर्षांच्या नोंदी नंतर सगळ्या खोडाव्या लागल्या. तसं तुमचं होऊ नये म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

ज्यांनी नावच पहिल्यांदा ऐकलंय त्यांना थोडक्यात सांगतो. नरक्या हे आपल्या सह्याद्रीतलं मोठं झुडूप किंवा लहान झाड. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत मॅपिया फीटिडा असं सापडेल, झाड तेच. त्याच्या खोडा-मुळात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा सापडलं ते चीनमधल्या एका वेगळ्याच झाडात, १९६६ साली, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांना, आणि पुढं १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं. त्याच्यापासून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आज कॅन्सरवर वापरतात. झालं, तिथून या झाडामागं कुऱ्हाड लागली. लाकडाला भाव आला, मुळं जास्त कामाची म्हणून मुळासकट उपटायला लागले, आणि जिथं गठ्ठ्यानं असायचा तिथं आता एखाद-दुसरा दिसतो.

१. आधी नावांचा घोळ मिटवा

हे पहिलं यासाठी लिहितोय की निम्मी माणसं इथंच अडकतात. नरक्याला घाणेरा असंही म्हणतात, पण रानातल्या गावात जाऊन तुम्ही "घाणेरा कुठं आहे" असं विचारलं तर लोक तुम्हाला घाणेरी दाखवणार, म्हणजे टणटणी, बांधावर लाल-पिवळ्या फुलांची असते ती. ते बाहेरून आलेलं झुडूप, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. काही ठिकाणी नरक्याला अमृता म्हणतात, पण अमृता म्हणजे गुळवेल असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं, आणि गुळवेल हा वेल आहे. कन्नडमध्ये दुर्वासने मर असं म्हणतात, दुर्वासने म्हणजे दुर्गंध, सरळ अर्थ आहे. फॉरेस्ट ऑफिसात बोलताना शास्त्रीय नाव कागदावर लिहून न्या, तिथं मराठी-कन्नड-इंग्रजी तिन्ही नावं एकत्र दाखवली की काम लवकर होतं.

नावाबाबत एक गोष्ट मला फार आवडते. १८३९ साली जॉन ग्रॅहमनं मुंबई इलाख्यातल्या झाडांच्या यादीत याला पहिल्यांदा नाव दिलं तेव्हा त्यानं हे झाड प्रेम्ना या प्रजातीत टाकलं होतं, म्हणजे आपल्या ऐरणाच्या भावकीत. पुढं ते चुकीचं ठरलं आणि झाड दुसऱ्या कुळात गेलं. नावातलं निम्मोनियाना हे निम्मो या माणसावरून, ग्रॅहम वारल्यावर ती यादी त्यानं पुरी केली. म्हणजे ऐरण आणि नरक्या यांच्यात गल्लत होणं आजचं नाही, पण फरक एका नजरेत कळतो, तो पाचव्या पायरीत सांगतो.

२. वेळ: आषाढ ते कार्तिक

फुलं जुलै-ऑगस्टमध्ये, फळं सप्टेंबरपासून पुढं, आणि ती पिकून लाल-जांभळी होतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नवख्या माणसानं पहिली फेरी फुलांच्या वेळी करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण फुलांवर एकदा ओळख पक्की झाली की मग नुसत्या पानांवरही तुम्ही ओळखता. उलट करायला गेलात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये नुसती पानं बघून सुरुवात केली, तर शंभर टक्के फसणार.

उन्हाळ्यात जायचं टाळा म्हणायला अजून एक कारण आहे. आपल्या या सीमेवरच्या रानात, म्हणजे इकडं खानापूर, तिकडं दोडामार्ग आणि गोव्यातली सत्तरी, माकडतापाच्या केसेस झालेल्या आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर थंडी संपता संपता ते उन्हाळा असा असतो. त्या दिवसांत रानात जाणं भागच असेल तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्या आल्या गरम पाण्यानं आंघोळ आणि कपडे धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फॉरेस्टवाल्यांना कळवा.

३. परवानगी आणि कागद

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, सगळं खानापूर तालुक्यात. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचं नाही. आत पान तोडणं सुद्धा वन्यजीव कायद्यात बसत नाही. "एकच फांदी घेतली सर, अभ्यासाला" हे कारण चालत नाही. अभयारण्याच्या बाहेर जे राखीव जंगल आहे तिथंही विचारूनच जावं. आणि लक्षात घ्या, चोर्ल्याकडं दहा मिनिटं चाललं की राज्य बदलतं, मग इकडची परवानगी तिकडं दाखवून उपयोग नाही.

मी जाताना जी फाइल नेतो त्यात हे असतं:
- अर्ज (कन्नडमध्ये लिहिलेला असला तर बरं, नाहीतर इंग्रजीत), त्यात तारखा, वाट, सोबत कोण कोण
- आधारची झेरॉक्स, सगळ्यांची
- कॉलेज किंवा पंचायतीचं पत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट
- गाडीचा नंबर
- "फक्त फोटो आणि नोंद, काही तोडणार नाही" असं एक ओळीचं लेखी

हे शेवटचं कुणी मागत नाही पण मी देतो, त्यानं समोरच्याचा सूर बदलतो. नमुना गोळा करायचाच असेल तर ती वेगळी आणि वरची परवानगी, त्याला वेळ लागतो, आणि पहिल्याच वर्षी तुम्हाला त्याची गरज नाही.

माझा पहिला अर्ज एका ऑफिसात तीन आठवडे तसाच पडून होता. मी फोनवर फोन करत होतो, शेवटी स्वतः जाऊन बसलो तेव्हा कळलं की अर्जात वाट लिहिलेली नव्हती, फक्त "जंगल परिसर" असं लिहिलं होतं, म्हणून कुणी सही करत नव्हतं. वाट लिहा. गावापासून कुठल्या ओढ्यापर्यंत ते लिहा.

गावाची देवराई असेल तर फॉरेस्टच्या कागदापेक्षा गावातल्या पंचांना विचारणं महत्त्वाचं. चप्पल कुठं काढायची, कुठल्या दिवशी आत जायचं नाही, बायकांनी जायचं की नाही, प्रत्येक गावाचं वेगळं असतं, ते पाळा.

४. सामान

थोडंच लागतं. दहा पट भिंग (दागिने बघायचं असतं ते), पंधरा सेंटीमीटरची पट्टी, पेन्सिल आणि वही (पेन नको, पावसात शाई पसरते), फोनला प्लॅस्टिकची पिशवी, मोबाईलमध्ये ऑफलाइन मॅप उतरवून घेतलेला, कारण जांबोटीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही. गमबूट. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूचं पाणी मोज्यांना लावून जायचं, गावातली माणसं तेच करतात आणि ते चालतं. पांढरा कागद एक, कशाला ते पुढं येतंच.

आणि सोबत गावातलं माणूस. हे सामानात लिहितोय कारण लोक ते विसरतात. त्याचा दिवसाचा रोज बुडतो, तेव्हा तो आधी ठरवून द्या. एकट्यानं जाऊ नका, गवे आहेत, अस्वल आहे, आणि पावसाळ्यात हिरवा किंवा तपकिरी चापडा साप बरोब्बर तुमच्या छातीच्या उंचीवर झुडपात बसलेला असतो. फांदीला हात घालायच्या आधी फांदी बघायची, मग हात.

५. कुठं शोधायचा

जांबोटी-कणकुंबीचा भाग साधारण ७००-८०० मीटर उंचीचा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिकडं भीमगडच्या बाजूला म्हादई, म्हणजे पाणी किती आहे ते बघा. वर जांभ्या दगडाचे उघडे सडे आणि सड्यांच्या कडेला एकदम दाट रान सुरू होतं. तुम्ही सड्यावर शोधू नका, तिथं माती नाही. अगदी आतल्या काळोख्या रानातही सुरुवात करू नका. नरक्याला थोडा उजेड लागतो. सदाहरित किंवा निमसदाहरित रानाची कड, ओढ्याचा काठ, एखादं मोठं झाड पडून जिथं वरून ऊन यायला लागलंय अशी जागा, जुन्या पायवाटेची बाजू. आजूबाजूला अंजनी, जांभूळ, पिसा, चांदाडा अशी मंडळी दिसली की पावलं हळू करा.

उंची किती बघायची? पुस्तकात लहान वृक्ष असं लिहिलेलं असतं, म्हणून नवीन माणूस वर बघत फिरतो. आपल्याकडं जिथं पूर्वी तोड झालीय तिथं तो बुंध्यापासून पुन्हा फुटलेला असतो, तीन-चार काठ्यांचा झुबका, कमरेएवढा नाहीतर डोक्याएवढा. म्हणून नजर खाली ठेवा.

आता झाडाकडं या. क्रम मोडू नका, याच क्रमानं बघा.

पहिलं, पानांची मांडणी. पानं एकाआड एक असतात. पण फांदीच्या टोकाला ती इतकी गर्दीनं येतात की समोरासमोर किंवा गोल चक्रात आहेत असं वाटतं. हाच सगळ्यात मोठा सापळा. टोक सोडा, फांदीवर वीतभर खाली या आणि तिथं बघा, एक पान इकडं, पुढचं जरा वर दुसऱ्या बाजूला, असं दिसलं पाहिजे. ऐरणाची पानं समोरासमोर असतात, भारंगीची समोरासमोर किंवा तीन-तीन, आयसराची समोरासमोर. एवढ्या एका गोष्टीत हे तिन्ही बाद.

दुसरं, पान. लांबी १० ते २० सेंटीमीटर, कधी जास्त, रुंद, अंड्याच्या आकाराचं, टोकाला निमुळतं. कड सरळ, दाते अजिबात नाहीत. देठ लांब, ३ ते ६ सेंटीमीटर. आणि पानाचा तळ बघा, जिथं देठ मिळतो तिथं, दोन्ही बाजू बऱ्याचदा सारख्या नसतात, एक बाजू जरा खाली उतरलेली असते. पाच पानं बघा, एकावर भरवसा नको.

तिसरं, कोवळी फांदी. ही गोष्ट मला एका गवळी-धनगर मामांनी दाखवली आणि तिथून माझी ओळख खरी सुरू झाली. मी एका झाडासमोर उभा राहून फोटो काढत होतो, ते म्हशी घेऊन चालले होते, थांबून म्हणाले, "काय शोधायलास रे बाळ?" मी म्हटलं, "मामा, नरक्या." ते हसले नाहीत, जवळ आले, माझ्या समोरच्या झाडाचं पान उलटं केलं आणि त्यावर बोट घासून माझ्यापुढं धरलं, बोटाला तांबडी पूड. "ही शेंद्री की." मग दहा पावलं पुढं नेऊन एका काठीवर माझंच बोट वरून खाली फिरवलं. फांदी गोल नव्हती, कंगोरे लागत होते, आणि गळून गेलेल्या पानांचे मोठे मोठे वण, एकाखाली एक, बोटाला खडबड लागत होते. "डोळं झाकून बघ," म्हणाले. मी खरंच डोळे झाकून पुन्हा फिरवलं. आजही झाडाची शंका आली की मी तेच करतो. (चापडा नाही ना हे बघून, मग डोळे झाका.)

चौथं, चीक. खाली पडलेलं ताजं पान मोडून बघा, तोडू नका. पांढरा चीक येत नाही. चांदाड्याला लालसर चीक असतो आणि त्याचा देठ पानाच्या कडेला नाही तर आतल्या बाजूला, ढालीसारखा जोडलेला असतो, त्यामुळं तो तसाही वेगळा कळतो.

पाचवं, फुलं. फांदीच्या टोकाला झुपका, वरून जरा सपाट. फुलं बारीक, पिवळट पांढरी, पाकळ्या पाच. आता तो पांढरा कागद खाली पडलेल्या फुलांखाली सरकवा आणि भिंगातून बघा. पाकळीच्या आतल्या बाजूला दाट पांढरी लव असते, बाहेरून पाकळी साधी वाटते आणि आत मऊ कापसासारखं. हे दिसलं की माझ्या मते ओळख जवळपास झाली. वास तर तुम्हाला दहा फुटांवरूनच येतो, सडल्यासारखा. झाडाचं नावच त्या वासावरून पडलं असं म्हणतात. माशा मात्र घोंगावत असतात, त्यांना तो आवडतो.

सहावं, फळ. लांबट गोल, दीड-दोन सेंटीमीटर, गुळगुळीत, आधी हिरवं मग लाल, मग जांभळट काळं, आत एकच बी. काळं झालं की हुबेहूब लहान जांभूळ. मुलांना सोबत नेत असाल तर आधीच सांगून ठेवा. जांभूळ पिकतं मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, आणि जांभळीची पानं समोरासमोर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला रानात "जांभूळ" दिसलं तर तोंडात घालायचं नाही.

६. जिथं मी आणि इतर फसलो

शेंद्रीचं वर आलंच, कुंकूफळ म्हणतात तेच. पान नरक्यासारखं एकाआड एक, म्हणून फसायला होतं. पण पानाच्या तळापासून तीन ठळक शिरा निघतात आणि खालची बाजू तांबूस, पूड लागते. नरक्यात मधली एक शीर आणि तिच्यापासून बाजूच्या शिरा.

पिसाची पानं टोकाला चक्रात येतात, पण ती अरुंद, खालून पांढुरकी आणि चुरगळली की सुगंध येतो. गेळ्याच्या भावकीतली झुडपं पानं समोरासमोर आणि दोन देठांच्या मध्ये बारीक त्रिकोणी पापुद्रा, तो दिसला की सोडून द्या.

मोबाईलचं ॲप काय म्हणतं त्यावर जाऊ नका. माझ्या फोननं एकाच झाडाला समोरून एक आणि बाजूनं दुसरं नाव दिलं होतं. ॲप हे पहिला अंदाज म्हणून ठीक, वहीत नाव लिहायचं ते वरच्या सहापैकी किमान चार गोष्टी स्वतः बघूनच. चार जमल्या नाहीत तर "नरक्या?" असं प्रश्नचिन्ह टाकून लिहा, त्यात कमीपणा काही नाही. बेळगावात नेहरूनगरला पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, आधी विचारून, वेळ घेऊन जा आणि आपले फोटो नमुन्याशेजारी ठेवून बघा.

७. औषध म्हणून घरी आणायचं नाही

हे वेगळं लिहावं लागतंय कारण मला दोनदा विचारलंय, घरात पेशंट आहे, काढा करून देऊ का. कृपा करून नको. झाडातलं कॅम्प्टोथेसिन जसंच्या तसं विषारी आहे. १९७० च्या सुमाराला ते थेट पेशंटना देऊन बघितलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जाण्यापर्यंत त्रास झाले आणि ते थांबवावं लागलं. नंतर प्रयोगशाळेत त्यात बदल करून जी औषधं झाली ती बहुतेक वेळा सलाईनमधून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीत देतात. साल उकळून त्यातलं काहीच होत नाही. घरच्या माणसाचं दुखणं बघवत नाही हे मला समजतं, पण काढ्यानं ते वाढेल.

८. नोंद कशी करायची

एका झाडाचे सात फोटो: पूर्ण झाड, खोड, फांदीवरचे वण (शेजारी पट्टी धरून), पानाची वरची बाजू, खालची बाजू, पानाचा तळ, फूल किंवा फळ. वहीत तारीख, उजेड किती, ओढा किती पावलांवर, बुंध्यापासून किती काठ्या, आणि तोडल्याची खूण आहे का, जुनी की ताजी. ताजी असेल तर त्याच दिवशी गार्डला कळवा.

९. जागा सांगायची नाही

सगळ्यात महत्त्वाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण इथवर वाचलंत म्हणजे तुम्हाला खरंच काळजी आहे.

तिसऱ्या वर्षी मला एका ओढ्याच्या काठी सात झाडं एकत्र सापडली, पिकलेल्या फळांसकट. इतका आनंद झाला की त्याच रात्री एका मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकले, गावाचं नाव आणि ओढ्याचं नाव लिहून. जानेवारीत परत गेलो तर पाच झाडं होती तिथं खड्डे होते, मुळासकट काढलेली, आणि दोन गुडघ्याच्या उंचीवर कापलेली. कुणी नेली ते कळायला मार्ग नव्हता. माझ्या फोटोमुळंच गेली असंही सिद्ध करता येणार नाही. पण तेव्हापासून मी गावाचं नाव कधी लिहीत नाही, आणि तुम्हीही लिहू नका.

काय करायचं ते सांगतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, कारण फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश बसलेले असतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच जातात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) नोंद टाकताना जिओप्रायव्हसीमध्ये ऑब्स्क्युअर्ड निवडा, मग नकाशावर खरी जागा न दिसता साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी ठिपका पडतो. पंचायतीच्या नोंदवहीतही गावाच्या पुढं जाऊन ओढा-टेकडी लिहू नका, तो तपशील वनखात्याकडं बंद पाकिटात द्या. आणि फोटोत मागं देऊळ, मैलाचा दगड, ओळखीचा पूल येत नाही ना ते बघा, स्थानिक माणसाला तेवढं पुरतं.

कुणी "सप्लायसाठी हवाय, रेट चांगला देतो" म्हणून विचारलं तर वाद घालत बसू नका, नंबर जपून ठेवा आणि फॉरेस्टला द्या.

कापलेली झाडं मेली असं समजून सोडून देऊ नका हेही सांगायचं होतं. नरक्या बुंध्यापासून फुटतो. त्या दोन खुंटांकडं मी दर पावसाळ्यात जातो, एकाला चार फुटवे आलेत, दुसऱ्याला तीन, त्यातला एक आता माझ्या खांद्याला लागतो. वरून कारवीच्या फांद्या सावली करत होत्या, त्या गार्डला विचारून जरा बाजूला बांधल्या. फुलं अजून नाहीत. पुढच्या आषाढात भिंग घेऊन परत बघणार आहे.